पाण्याचा अभ्यास कशासाठी? ठाणे आणि नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा, महाविद्यालयांतली व्याख्याने, वॉर्डातल्या बैठका अशा ठिकाणी पाण्याच्या संशोधनाचा विषय निघाला की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लोकांना आवडत नाहीत, विशेषतः पर्जन्यजल संधारणाबद्दलचे. तरीही ते तसेच ठेवले आहे.

आपल्याकडे एवढा धो-धो पाऊस पडतो. पाण्यावर संशोधन करायचे तर मराठवाड्यात करा, इथे कशाला?

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस होतो. त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त जून ते सप्टेंबरमध्येच पडून जातो आणि उतारावरून, कातळावरून, नाल्यांतून काही तासांत खाडी गाठतो. उरलेले आठ महिने आपण साठवणीवर जगतो. ही साठवण किती, ती कुठे जाते, वापरून झाल्यावर तिचे काय होते, याचा हिशेब मांडणे म्हणजे हे संशोधन. मराठवाड्यातला शेतकरी विहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली गेले ते सांगतो. आपल्याकडे चाळीस मजली टॉवरच्या सेक्रेटरींना इमारत दिवसाला किती लिटर वापरते ते विचारा, आणि गंमत बघा.

आमच्या नळाला येणारे पाणी नेमके कुठून येते?

तुम्ही कुठे राहता त्यावर अवलंबून आहे. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे. असे भाग्य फार थोड्या महापालिकांच्या वाट्याला आले आहे. हे धरण रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी धावरी नदीवर आहे. तिथले पाणी भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शहरात येते. खारघर, उलवे, द्रोणागिरी या सिडकोच्या वसाहतींकडे पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी जाते.

ठाण्याचे गणित जास्त गुंतागुंतीचे आहे. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवर पिसे इथे आहे आणि शुद्धीकरण टेमघरला होते. त्याशिवाय स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा) प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घ्यावे लागते. कळवा, मुंब्रा, दिवा या भागांची मदार बऱ्याच अंशी एमआयडीसीवर आहे. म्हणून एका भागात शटडाऊन असतो आणि दोन किलोमीटरवरच्या नातेवाइकांकडे नळ सुरू असतो.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. स्टेम आणि एमआयडीसी ज्या उल्हास नदीतून पाणी उचलतात, ती उन्हाळ्यात वाहती राहते त्यात एमआयडीसीच्या बारवी धरणाइतकाच वाटा टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्राचा आहे असे म्हटले तरी चालेल. १९२२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी वीज करून खाली सोडले जाते. ते धरण आंद्रा नदीवर आहे, आणि आंद्रा इंद्रायणीला मिळते. म्हणजे जे पाणी भीमेकडे, पुढे पंढरपूरकडे गेले असते, ते कर्जतला उतरून आपल्या दिशेने येते. पाताळगंगेचेही तसेच, तिला खोपोलीच्या वीजकेंद्राचे पाणी मिळते. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे अशी मागणी भीमा खोऱ्यातून अधूनमधून होते. ती उद्या मान्य झाली तर उल्हासच्या उन्हाळी प्रवाहाचे काय होईल, हा ठाण्याच्या भवितव्याशी थेट जोडलेला संशोधनाचा विषय आहे. आपल्या सभांमध्ये मात्र त्याबद्दल एक अक्षर ऐकू येत नाही.

मोरबे भरले की वर्षभराची चिंता मिटली ना?

एका वर्षाची जेमतेम. मोरब्याची साठवण सुमारे १९० दशलक्ष घनमीटर आहे आणि योजनेची क्षमता ४५० एमएलडी, म्हणजे दिवसाला ४५ कोटी लिटर. भागाकार केला तर सव्वाचारशेच्या आसपास दिवस येतात. त्यातून बाष्पीभवन आणि तळाचा न उपसता येणारा साठा वजा करा. एक पावसाळा चुकला तर निभावता येईल एवढी मोकळीक त्यात उरत नाही, आणि शहर तर रोज वाढते आहे.

संशोधक प्रत्यक्षात करतात काय? अहवाल लिहिण्यापलीकडे?

सगळ्यात आधी ताळेबंद. धरणातून किती सोडले, शुद्धीकरण केंद्रात किती पोहोचले, टाक्यांत किती गेले, मीटरवर किती नोंदले गेले, गटारात किती आले. प्रत्येक टप्प्यावर आकडा कमी होतो, आणि तो का कमी झाला हे शोधणे हेच निम्मे काम. काही पाणी जलवाहिन्यांच्या सांध्यांतून झिरपते, काही बेकायदा जोडण्यांत जाते, काही बंद पडलेल्या मीटरमुळे नुसतेच नोंदीतून गायब होते.

गळती शोधायची जुनी आणि साधी पद्धत म्हणजे रात्रीचा किमान प्रवाह मोजणे. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान माणसे झोपलेली असतात. तरीही एखाद्या विभागाच्या मुख्य वाहिनीतून पाणी धावतच असेल, तर ते जमिनीखाली कुठेतरी जाते आहे. पण ही पद्धत चोवीस तास पाणी असलेल्या ठिकाणी चालते. जिथे पाणी ठरावीक तासच सोडले जाते तिथे पाइप अर्धा दिवस रिकामे असतात, आणि पाणी आले की प्रत्येक इमारतीची अंडरग्राउंड टाकी ते गटागटा ओढून घेते. गळती आणि भरणा वेगळा काढता येत नाही. शिवाय रिकाम्या पाइपात फटींतून बाहेरचे घाण पाणी शिरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले की याकडे आधी बघावे. थांबून थांबून होणाऱ्या पुरवठ्यासाठी परदेशी पाठ्यपुस्तकातली सूत्रे कामाची नाहीत, इथली वेगळी शोधावी लागतात.

दुसरे काम पाण्याचा माग काढण्याचे. वाशीच्या पुलावरून दिसणाऱ्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, साहाय्याने हे केले जाते. पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) यांचे प्रमाण उंचीनुसार बदलते. झऱ्याच्या पाण्यात ते मोजले की पाऊस डोंगराच्या कोणत्या पट्ट्यात मुरला ते कळते. ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन, त्याचे अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) सुमारे १२.३ वर्षे, त्यावरून पाणी जमिनीखाली किती काळ आहे याचा अंदाज येतो. हे तंत्र वापरून उत्तराखंडमधले आटत चाललेले झरे पुन्हा वाहते करण्याचे काम झाले आहे.

तिसरे काम माणसांत जाऊन करायचे, त्याबद्दल खाली शहापूरच्या प्रश्नात.

आमच्या सोसायटीत पर्जन्यजल संधारण केले तर पाण्याचा प्रश्न सुटेल?

नाही. करावे, पण ही अपेक्षा ठेवून नव्हे.

हिशेब घालून बघू. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले तर रोज ५४,००० लिटर लागतात. गच्ची ६०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो, म्हणून २,५०० मिलिमीटरचे १५ लाख लिटर. उडालेले, सांडलेले, पहिल्या सरींचे सोडून दिलेले असे वीस टक्के वजा करा, १२ लाख उरतात. वर्षभराची ही सगळी मिळकत सोसायटीला बावीस दिवस पुरेल. आणि ती येते कधी? धरणे भरून वाहत असताना, नळाला भरपूर दाब असताना. १२ लाख लिटर मे महिन्यापर्यंत ठेवायला टाकी बांधायची म्हटले तर पार्किंग खोदावे लागेल, आणि पार्किंगला हात लावणारी कमिटी पुढच्या निवडणुकीत टिकत नाही.

जमिनीत मुरवणे हा दुसरा मार्ग. तो जागा बघून ठरवायचा. येऊरच्या उतारावर किंवा पारसिकच्या पायथ्याशी मुरूम आणि झिजलेला खडक आहे, तिथे पाणी उतरते. वाशी, नेरूळ, सानपाड्याच्या खाडीकडच्या भरावावर पावसाळ्यात भूजल जमिनीच्या इतके जवळ आलेले असते की पुनर्भरणाचा खड्डा जुलैत आधीच काठोकाठ असतो. नियमानुसार ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर नव्या बांधकामात ही यंत्रणा सक्तीची आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी ती भोगवटा प्रमाणपत्रापुरती बांधली जाते. नंतर तिच्या जाळीवर कुंड्या ठेवतात.

आता याच सोसायटीचा दुसरा आकडा घ्या. माणशी १३५ लिटरपैकी साधारण ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. चारशे माणसांचे रोजचे १८,००० लिटर, वर्षाचे ६५ लाखांहून अधिक. हे काम पिण्याच्या पाण्याऐवजी प्रक्रिया केलेल्या आंघोळीच्या आणि कपड्यांच्या पाण्यावर भागले, तर वाचणारे पाणी गच्चीवरच्या पावसाच्या पाचपटीहून जास्त भरते, आणि ते उन्हाळ्यातही वाचते. म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे: या दोन शहरांत संशोधनाचा आणि पैशाचा मोठा वाटा सांडपाण्याकडे वळायला हवा.

मग बोअर मारावी का?

आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलो आहोत. या काळ्या कातळाच्या आत पाणी साठत नाही, त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. एका बोअरला धो-धो लागते आणि वीस फुटांवरची कोरडी जाते, त्याचे कारण हे. नारळ हातात धरून पाणी दाखवणाऱ्यांना एखादी भेग सापडली की त्यांची ख्याती होते, न सापडलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. खाडीजवळ जास्त उपसा केला तर गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेते. चार वर्षे चांगली चाललेली बोअर मचूळ झाली तर कारण बहुधा हेच असते, आणि मग ती सहज पूर्वपदावर येत नाही. बागेला, गाड्या धुवायला, मर्यादित उपशात ठीक. टँकरवाल्याला विकायला मुळीच नाही.

सांडपाणी कितीही शुद्ध केले तरी ते घरात वापरायचे? किळस वाटते हो.

वाटणारच, आणि अभियंते ती हसण्यावारी नेतात ही त्यांची चूक. घराला पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे नियोजनात धरतात. म्हणजे शहराच्या गटारांतून वर्षभर, पाऊस असो वा नसो, एक नदी वाहते. नवी मुंबईतली बरीचशी मलप्रक्रिया केंद्रे सी-टेक पद्धतीची आहेत: एकाच टाकीत हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे नितळ पाणी काढून घेणे हे आळीपाळीने होते. त्यापुढचा टप्पा म्हणून कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी २० एमएलडी क्षमतेचे तृतीय स्तर प्रक्रिया प्रकल्प उभारले गेले. तिथे पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून जाते आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी वापरायचे ठरले. बॉयलर, कूलिंग टॉवर आणि बागा यांना किळस नसते. तिकडे जितके जाईल तितके बारवीचे आणि मोरब्याचे पाणी घरांसाठी मोकळे होते.

घरातल्या फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन लागते. जुन्या इमारतीत ती टाकणे खर्चिक आणि कटकटीचे आहे, नव्या इमारतीत सोपे. तिथली खरी अडचण देखभालीची. बिल्डरने दिलेला एसटीपी (इमारतीचा छोटा मलप्रक्रिया प्रकल्प) विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवतात, हवा न मिळाल्याने जिवाणू मरतात, वास सुटतो, रहिवासी तक्रार करतात आणि मग तो कायमचाच बंद होतो. कमी माणसांत, कमी विजेत, दुर्लक्ष झाले तरी तग धरणारी छोटी केंद्रे कशी बांधायची हा संशोधनाचा जिवंत प्रश्न आहे. औषधांचे अंश आणि सूक्ष्म प्लास्टिक हा त्यापुढचा. नेहमीच्या प्रक्रियेत ते पूर्ण निघत नाहीत, म्हणून हे पाणी प्यायला द्यावे असे कोणी शहाणा माणूस इथे आज म्हणत नाही.

समुद्र इतका जवळ आहे, त्याचे पाणी गोडे का करत नाहीत?

करता येते. समुद्राचे हजार लिटर पाणी गोडे करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, आणि दुप्पट खारट झालेले उरलेले पाणी कुठेतरी सोडावे लागते. ठाण्याची खाडी उथळ, गाळाने भरलेली आणि सांडपाणी पचवत असलेली. वर ती ऑगस्ट २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, फ्लेमिंगो अभयारण्य तर २०१५ पासूनच. समुद्रापेक्षा कितीतरी कमी खारट असलेल्या सांडपाण्यावर कमी खर्चात प्रक्रिया होत असताना आधी समुद्राकडे धावण्यात मला अर्थ दिसत नाही.

नवी धरणे का बांधत नाहीत? काळू, शाई, पोशीर… नावे तर केव्हापासून ऐकतो.

मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाचे काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झाले होते, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. धरणाखाली जाणारी गावे आणि पाडे मुख्यतः आदिवासींचे आहेत आणि त्यांनी संघटितपणे विरोध केला. शाईची कथाही फार वेगळी नाही. कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार धरणांची चर्चा आता सुरू आहे. धरण नकोच, असे मी म्हणत नाही. पण आहे त्या पाण्याची गळती किती, पुनर्वापर किती, हे आकडे टेबलावर न ठेवता दुसऱ्याचे गाव बुडवायला निघणे योग्य नाही. अभ्यास आधी झाला तर कदाचित धरण लागेल, कदाचित लहान लागेल, कदाचित दहा वर्षे उशिरा लागेल. तिन्ही उत्तरे आजच्या अंदाजापेक्षा बरी.

शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर एवढे सगळे असून तिथल्या बायका हंडे घेऊन का फिरतात?

पाणी धरणात आहे, धरण खाली दरीत आहे, आणि पाडे वर डोंगरावर आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे. मोठमोठ्या वाहिन्या गावाच्या शेजारून जातात, पण त्यांना फांदी नाही. मार्च उजाडला की पाड्यांवर विहिरी तळ गाठतात आणि टँकर सुरू होतात, ही बातमी दरवर्षी येते.

पवईच्या आयआयटीतले ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठी तंत्रपर्याय शोधणारे केंद्र या विषयावर बरीच वर्षे काम करते आहे. कर्जत, शहापूर, मोखाडा अशा तालुक्यांत विद्यार्थी पाड्यापाड्यांवर जाऊन विहिरींची पातळी, पंपाचे तास, टाकीची उंची, वीजबिल कोण भरते हे सगळे नोंदवतात. अशा अभ्यासांतून वारंवार दिसते की योजना पाण्याअभावी जितक्या बंद पडतात त्याहून जास्त वीजबिल थकल्याने, पंप जळल्याने, किंवा शेवटच्या पाड्यापर्यंत दाबच न पोहोचल्याने पडतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण आहे, शहरात १३५. हा फरक का असावा, हे मला शहरातल्या एकाही सभेत कोणी विचारलेले नाही.

ठाणे तलावांचे शहर. ते तलाव पाणीपुरवठ्यात का वापरत नाहीत?

पिण्यासाठी ते आता योग्य नाहीत आणि आकारानेही पुरेसे नाहीत. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी यांचे काम वेगळे: पावसाचा लोंढा थोपवणे, आजूबाजूचे भूजल टिकवणे, उन्हाळ्यात परिसर थंड ठेवणे. काठाला सिमेंटची भिंत घातली की पहिली दोन कामे अर्धवट होतात. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्याची ठाण्यातली पद्धत मात्र चांगली रुळली आणि इतर शहरांनी उचलली.

हवामान बदलाने आपल्या पाण्यावर काय परिणाम होईल?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण थोड्या दिवसांत कोसळणारा. धरणे सांभाळणाऱ्यांसाठी ही डोकेदुखी आहे: जुलैत भरून घ्यावे तर पुराला जागा उरत नाही, रिकामे ठेवावे तर ऑगस्ट कोरडा जाण्याची धास्ती.

नवी मुंबईत याला भरतीची जोड आहे. शहराचे काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर जाते. आगरी शेतकऱ्यांच्या खारबंदिस्तीतली उघाडी, म्हणजे बांधातले दार, हेच करत आली आहे. आता या तलावांत गाळ साठला, गाळावर कांदळवन वाढले, कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. दोन्ही बाजू बरोबर आहेत. किती कांदळवन राखून किती खोली परत मिळवता येईल हे तलावागणिक मोजूनच ठरवावे लागेल.

मी पदवीचा विद्यार्थी आहे. छोटासा पण उपयोगाचा विषय सुचवाल?

टँकर. तुमच्या परिसरात रोज किती टँकर येतात, कुठून भरतात, दर काय, कोणत्या महिन्यात वाढतात. याची नीट नोंद जवळपास कुठेच नाही. किंवा गावठाणातल्या जुन्या विहिरी: करावे, सारसोळे, घणसोली, गोठिवली अशा गावांत किती शिल्लक आहेत, किती बुजवल्या, पाण्याचा खारटपणा महिन्यागणिक कसा बदलतो. त्यासाठी लागणारे छोटे यंत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा बऱ्याच वर्षांपासून निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवते, सध्या वर्षातून चार वेळा, तिच्याशी तुमचे आकडे ताडून पाहता येतील. ‘जनजागृती’ हा विषय कृपया घेऊ नका.

आमच्या सोसायटीत येऊन मोजमाप करून द्याल का?

त्यासाठी बाहेरचा माणूस लागत नाही. एका रात्री, सगळे झोपल्यावर, पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठपर्यंत आहे ते खडूने खूण करा आणि पहाटे पहिला नळ सुटण्याआधी पुन्हा बघा. पातळी ठळकपणे उतरली असेल तर बहुतेक वेळा दोष फ्लशच्या टाक्यांतल्या झिजलेल्या वॉशरचा निघतो, आणि प्लंबर तो एका दुपारी बदलून देतो. अंडरग्राउंड टाकीचीही तशीच तपासणी करा, फक्त आत येणारा व्हॉल्व्ह आधी बंद करायला विसरू नका. महिनाभर रोज एकाच वेळी मुख्य मीटरचे रीडिंग वॉचमनकडून वहीत लिहून घ्या. मीटर बंद असेल तर आधी वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, आणि पोच घ्या.